तीन ओळी, दोन गोद्या : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

सुट्टी संपायच्या आत नॅनचा पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली काढला. नॅन म्हणजे माझ्या नवऱ्याची आजी. लिव्हरपूलमध्ये आजीला नॅनच म्हणतात, आणि लग्न होऊन इथे आल्यापासून मीही तेच म्हणते. त्यांचा जन्म १९३१ चा, किर्कडेलमधला, गोदीच्या भिंतीपासून चार गल्ल्या आत. युद्ध सुरू झालं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

डब्यात निघालं ते असं: रेशनची दोन पुस्तकं, एक ओळखपत्र, त्यांच्या वडिलांची खिशात मावणारी वही, मोठ्या भावाची अकरा पत्रं, आणि एका सैनिकी कोटाचं पितळी बटण.

मे महिन्यात युरोपातलं युद्ध संपल्याला ८० वर्षं होतील. तेव्हा सगळं घर एकत्र जमणार आहे. त्या दिवशी भिंतीवर एक लांब कागद लावायचा असं ठरलं. वॉलपेपरच्या आत लावतात तो साधा कागद आणलाय, दहा मीटरचा गुंडाळा. त्यावर दोन ओळी असतील, वर जग आणि खाली घर. अक्षर लेकीचं, ती बारा वर्षांची आहे आणि तिचं इंग्रजी अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी नेटकं आहे.

एक नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. खालच्या ओळीत जे जाईल त्याला एकतर कागद हवा, नाहीतर नॅनचा शब्द. दोन्ही असले आणि जुळले नाहीत, तर दोन्ही लिहायचे.

१२ जानेवारी, रविवार

१९३९ पूर्ण.

वरची ओळ सोपी. १ सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये घुसली. ३ सप्टेंबरला, रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पंतप्रधान चेंबरलेन रेडिओवर बोलले, ब्रिटन युद्धात उतरलं. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर केलं, तिथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता. हे वाक्य मी वरच्या ओळीत मुद्दाम घातलं. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलंच नाही."

खालची ओळ: १ सप्टेंबरपासून शहरांतली मुलं गावांकडे हलवायला सुरुवात झाली. तीन दिवसांत साधारण १५ लाख माणसं हलली, त्यात मुलं, लहानग्यांच्या आया, शिक्षक. नॅन त्यांच्यात होत्या. गळ्यात नावाची चिठ्ठी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात गॅस मास्क. तिकीट लावलेलं एक कोरं पोस्टकार्ड सोबत दिलं होतं. पोचल्यावर नवा पत्ता त्यावर लिहून घरी पाठवायचा. म्हणजे गाडी सुटताना आईला लेक कुठे चालली आहे हे माहीतच नव्हतं. हे ऐकून लेकीने पेन खाली ठेवलं.

त्या पोचल्या नॉर्थ वेल्सच्या एका खेड्यात. घरात सगळे वेल्श बोलणारे. पहिल्या संध्याकाळी बाई पाव पुढे करून म्हणाली, "बारा." वेल्शमध्ये बारा म्हणजे पाव. लेक चटकन म्हणाली, "पण बारा म्हणजे ट्वेल्व्ह!" नॅनना तो मराठी बारा इतका आवडला की आज चहाबरोबर त्यांनी दोनदा "बारा" मागितला.

नाताळाला नॅन परत घरी आल्या. शहरांवर काही पडत नव्हतं, त्यामुळे निम्म्याच्या आसपास मुलं जानेवारीपर्यंत अशीच परतली होती. वडील गोदीत मालाची चढउतार करायचे आणि पाळीने हंगामी अग्निशमन दलात जायचे.

२ फेब्रुवारी, रविवार

१९४० ला जागा कमी पडतेय. दीड मीटर दिला होता, आता दोन केला.

८ जानेवारीला रेशन सुरू झालं. माणशी आठवड्याला बेकन ४ औंस, लोणी ४ औंस, साखर १२ औंस. जुलैत चहा आला, २ औंस. लेकीने ४ औंस लोणी तोलून बशीत ठेवलं. ११३ ग्रॅम. आठवडाभराचं म्हणून ते फार वाटत नाही. पण नॅन म्हणाल्या, पोट भरायचं, चव जायची. कांदा मिळेनासा झाला ते त्यांच्या आईला सगळ्यात लागलं. कांदे फ्रान्समधल्या ब्रिटनीहून आणि चॅनल बेटांवरून यायचे; तो सगळा भाग जर्मनांच्या हाती गेला. कांद्याशिवाय स्वयंपाक करणाऱ्या बाईची चिडचिड मला न सांगता कळली.

यानंतरचं लिहायला आज संध्याकाळ गेली.

नॅनच्या आईने त्या उन्हाळ्यात मुलीला कॅनडाला पाठवायचं मनात आणलं होतं. तशी सरकारी योजना होती, अर्ज आले ते दोन लाखांवर. वडील नको म्हणाले, एवढंच कारण त्या गेल्या नाहीत. १३ सप्टेंबरला लिव्हरपूलहून 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज निघालं. योजनेतली ९० मुलं त्यावर होती. १७ तारखेच्या रात्री भर अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. ९० पैकी ७७ मुलं गेली. योजना तिथेच थांबली. एक होडी आठ दिवस समुद्रात तरंगत राहिली आणि मग सापडली. तिच्यात सहा मुलगे होते आणि बाकीच्यांत बहुतेक हिंदी खलाशी. त्या जहाजावरचे खलाशी आपल्याकडचे होते, आणि तेही मोठ्या संख्येने बुडाले. मुलांची आठवण इथे आजही काढतात. खलाशांची ओळ मी मुलांच्या ओळीइतक्याच मोठ्या अक्षरात लिहायला सांगितली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डर्बी हाउसच्या तळघरात जाऊन आलो. अटलांटिकच्या लढाईचं मुख्यालय ७ फेब्रुवारी १९४१ ला इथे आलं. आता संग्रहालय आहे. भिंतभर नकाशा, त्याला टेकवलेल्या शिड्या.

लेकीला पटला तो वरच्या मजल्यावरचा खेळ. जानेवारी १९४२ पासून तिथे फरशीवर समुद्र आखून नौदलातल्या मुली खडूने जहाजांच्या वाटा काढायच्या. आपल्या जहाजांची रेघ पांढरी, पाणबुडीची हिरवी. अधिकाऱ्यांना पडद्याच्या फटीतून बघायला लावायचे, आणि तिथून हिरवी रेघ दिसायचीच नाही. पाणबुडी कुठे आहे हे न दिसता डाव खेळायचा. आमच्या कागदावरही पाणबुड्यांसाठी हिरवा खडू आला आहे.

२ मार्च, रविवार

१९४१ चा मे. इथे अडलो.

आधीची एक गोष्ट. २८ नोव्हेंबर १९४० च्या रात्री एज हिलमध्ये डर्निंग रोडवरच्या कॉलेजच्या तळघरावर बॉम्ब पडला. तळघर म्हणजे लोकांचा आसरा. १६६ माणसं गेली, बरीच उकळत्या पाण्याने आणि वाफेने, बॉयलर फुटला म्हणून. त्यानंतर नॅनच्या आईने सांगून टाकलं, सार्वजनिक तळघरात पाय ठेवणार नाही, मरायचं तर घरात. म्हणून पुढच्या सगळ्या रात्री जिन्याखालच्या कपाटात गेल्या. आई, नॅन आणि शेजारची म्हातारी.

१ मे ते ७ मे १९४१, रोज रात्री विमानं. मर्सी नदीच्या काठी सुमारे १,७०० माणसं गेली. १४४ धक्क्यांपैकी ६९ निकामी झाले. ३ मेची रात्र सगळ्यात वाईट. हस्किसन गोदीत 'मालाकंड' नावाचं जहाज उभं होतं, पोटात सुमारे १,००० टन बॉम्ब आणि तोफगोळे. हवेत दोरखंडाने बांधलेले बलून असत, विमानांनी खाली येऊ नये म्हणून. त्यातला एक जळत जहाजावर पडला. विझवला. पण गोदीतल्या शेडची आग जहाजावर आली ती काही विझेना. हल्ला संपून गेला, आणि मग काही तासांनी जहाज उडालं. गोदीचा तो भाग नाहीसाच झाला. पोलादाचे पत्रे मैल-मैल लांब जाऊन पडले.

जहाजाचं नाव मालाकंड, आपल्या वायव्य सरहद्दीवरच्या खिंडीचं. ते ज्या कंपनीचं, तिची जहाजं कलकत्त्याला ये-जा करायची. बनारस, मालाकंड. या शहराच्या गोदीत आपल्या नकाशावरची नावं अशी तरंगत असायची.

आता अडचण. नॅन सांगतात, आवाज आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या घड्याळात किती वाजले होते ते त्यांनी पाहिलं. कारण त्याच क्षणी खिडकीची काच आत आली आणि घड्याळ मात्र भिंतीवर राहिलं. वडिलांच्या वहीत वेळ आहे, पण एक तास पुढची. वडील त्या रात्री गोदीतच होते. वही पेन्सिलीची, अक्षर सरळ. नॅनची आठवण ८४ वर्षं जुनी.

नवरा म्हणतो, वही खरी धर. मला ते सोपं वाटत नाही. ज्या बाईला बशीवरची फुलं आठवतात, तिला घड्याळ चुकीचं आठवेल? नियमाप्रमाणे दोन्ही वेळा लिहिल्या.

३० मार्च, रविवार

आज सकाळी उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे केली. ओव्हनचं घड्याळ फिरवताना एकदम लख्ख झालं.

१९४० च्या हिवाळ्यात ब्रिटनने घड्याळं मागे घेतलीच नव्हती. उजेड वाचवायला आणखी एक तास पुढे करायचं ठरलं, दुहेरी उन्हाळी वेळ. ती सुरू झाली ४ मे १९४१ च्या पहाटे. म्हणजे त्याच रात्री.

अग्निशमन दलाच्या ठाण्यात घड्याळ पुढे केलं गेलं, वडिलांनी ती वेळ लिहिली. घरात घड्याळाला हात लावायला होतं कोण? सगळी जिन्याखाली. दोन्ही वेळा खऱ्या आहेत.

गाडी काढून नॅनकडे गेले. सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डॅड आणि मी यावरून भांडायचो. मी एकवीस वर्षांची होईपर्यंत."

काचेबद्दलही त्यांनी आज सांगितलं. तो सगळा उन्हाळा खिडक्यांना डांबर लावलेलं जाड कापड ठोकलेलं होतं. बाहेर रात्री अकरापर्यंत उजेड, नव्या वेळेमुळे, आणि घरात दिवसाही दिवा. नव्या काचा बसल्या त्या सप्टेंबरात. नॅनना युद्धातला सगळ्यात आनंदाचा दिवस विचारला तर त्या हाच सांगतात.

६ एप्रिल, रविवार

आईचा कप्पा. रेशनच्या पुस्तकांखेरीज तिचा एकही कागद नाही, जे आहे ते नॅनच्या तोंडचं.

१९४२ पासून ती कर्कबीच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात होती. तिथे फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या कळा, आणि बॉम्ब भरले जायचे. ऐन भरात वीसेक हजार माणसं, बहुतेक बायका. आत जाताना केसातल्या पिनाही काढून ठेवायच्या. घरी काय केलं, काय पाहिलं, काही सांगायचं नाही. नॅन म्हणतात, १९४४ च्या थंडीत एक दिवस आई घरी आली, कोट न काढता खुर्चीत बसली आणि पुढचे काही आठवडे तिने कपबशी धरली की ती वाजायची. विचारलं तर म्हणायची, थंडी आहे.

२२ फेब्रुवारी १९४४ ला त्या कारखान्यातल्या एका इमारतीत फ्यूज भरताना स्फोट झाला. आत १९ जण होते, बहुतेक बायका. उरलेले हजारो फ्यूज कधीही उडतील अशा अवस्थेत होते. रिचर्ड बायवॉटर नावाच्या अधिकाऱ्याने माणसं घेऊन ते तीन दिवस एकेक करून बाहेर काढले. त्यांना पुढे जॉर्ज क्रॉस मिळाला. नॅनची आई कुठल्या इमारतीत होती याला कागद नाही, तेव्हा दोन नोंदी शेजारी ठेवल्या आणि मधे रेघ ओढली नाही.

संध्याकाळी भावाची पत्रं. मूळ पत्राचा फोटो काढून फिल्म विमानाने न्यायची आणि पोचल्यावर छापून द्यायची, अशी ही हाताच्या पंजाएवढी एअरग्राफ पत्रं. भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. वर पत्ता फक्त 'हिंदुस्थान'. गावाचं नाव लिहायची बंदी. पण तो ब्रिटिश सेकंड डिव्हिजनमध्ये होता हे नॅनना ठाऊक आहे, आणि ती डिव्हिजन १९४२ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर नगरला होती. अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. एका पत्रात तो लिहितो, इथे धूळ खातो आणि धूळ पितो, पण संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा आई आठवते. तो नगरचा वारा आहे. माझी मावशी नगरला दिलेली. मी मे महिन्यात त्या वाऱ्यात गच्चीवर झोपले आहे.

त्याच गावाच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल आणि काँग्रेस कार्यकारिणी कैदेत होती. मुंबईत गवालिया टँकवर ८ ऑगस्टला 'चले जाव'चा ठराव, दुसऱ्या दिवशी धरपकड. इथल्या घरात त्याआधी दोनच आठवडे, २६ जुलैला, गोळ्या-चॉकलेटवर रेशन आलं. ते नॅनना पक्कं आठवतं. दोन्ही एकाच बोटाएवढ्या जागेत लिहावं लागलं.

१४ एप्रिल, सोमवार

आज मुद्दाम याच तारखेला बसले.

गेल्या आठवड्यात नॅननी विचारलं होतं, "तेव्हा तुझी माणसं कुठे होती?" मी म्हटलं, मुंबईत, माझगावला. आणि मग मला आजोबांच्या तोंडचं वाक्य आठवलं. ते कुठलीही जुनी गोष्ट सांगताना 'गोदी उडाली त्याच्या आधी' किंवा 'गोदी उडाली त्याच्या नंतर' अशी सांगायचे. लहानपणी मला ते पंचांगातलंच काहीतरी वाटायचं.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात जवळजवळ १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, आणि कराचीत वर भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी कापसातून धूर आला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. आज भारतभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. मेलेल्यांचा आकडा वेगवेगळा सांगतात, पण शेकड्यांनी गेले यात वाद नाही.

हे जहाज कुठून निघालं होतं? बर्केनहेडहून. २४ फेब्रुवारी १९४४. बर्केनहेड म्हणजे आमच्या नदीच्या पलीकडचा काठ. मी रोज कामावर जाताना तो धक्का बघते. कर्कबीत ते फ्यूज उचलणं चालू होतं त्याच आठवड्यात हे जहाज मर्सीतून बाहेर पडलं. आणि १४ एप्रिलला नॅनचा भाऊ नगर सोडून कोहिमाच्या वाटेवर होता. मार्चअखेर त्यांची डिव्हिजन तिकडे हलवली होती, आणि कोहिमाला पडलेला जपान्यांचा वेढा १८ तारखेला फुटला.

आत्याला डोंबिवलीला फोन लावला. ती तेव्हा जन्मलेली नव्हती, पण सगळं ऐकून आहे. म्हणाली, "बाबा कामावरून निघाले होते. आधी सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला. चाळीतल्या सगळ्या काचा गेल्या. आई दोन पोरं आणि देवांची पेटी घेऊन चालत दादरला मामांकडे गेली. बाबा रात्री पोचले, तोंड काळं, आणि दोन दिवस त्यांना ऐकू येत नव्हतं." मग हळूच: "तू हे तिकडे लिहिणार आहेस? त्यांच्या भिंतीवर?"

लिहिणार आहे म्हटलं.

२१ एप्रिल, सोमवार

इस्टरची सुट्टी. सगळा कागद परत करायला घेतला. दोन ओळींत हे बसत नाही.

फोर्ट स्टायकिनची बातमी हिंदुस्थानातली वृत्तपत्रं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत छापू शकली नाहीत. त्याआधी ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सांगितली. इथे मे १९४१ मध्ये शहर जळत असताना पेपरात 'वायव्येकडचं एक बंदर' एवढंच. बंगालमध्ये १९४३ चा दुष्काळ आधीपासून माणसं खात होता, पण कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने फोटो छापले ते २२ ऑगस्टला. एकूण बळी तीस लाखांपर्यंत धरतात. नॅनच्या घरात तो दुष्काळ कधी पोचला? भावाने १९४६ मध्ये परत येऊन सांगितला तेव्हा. त्याने हावडा स्टेशनवर पाहिलं होतं.

म्हणून मधे तिसरी ओळ आखली: 'कळलं'. वर घडलं, मधे कळलं, खाली घर. एका घटनेपासून तिच्या बातमीपर्यंत लेक तिरकी रेघ ओढते. काही रेघा बोटभर आहेत, बंगालची दोन हातांपेक्षा लांब. कर्कबीची तर कागदाबाहेर जाते, कारण आईने कधी सांगितलंच नाही आणि नॅनना ते गेल्या महिन्यात माझ्याकडून कळलं. युद्ध शिकवताना सगळे वरची ओळ शिकवतात. घरातली माणसं जगली ती या मधल्या ओळीवर.

१९४५-४६ पटकन उरकलं. ८ मे १९४५ ला गल्लीत टेबलं मांडली. भाऊ तेव्हाही पूर्वेकडेच असल्यामुळे आई नाचली नाही. तो परत आला देवळालीच्या छावणीतून. कुणी वेडसर वागलं की नॅन 'डूलॅली' म्हणतात. तो शब्द त्या देवळालीचा, नाशिकच्या बाजूचा, हे त्यांना मी सांगितलं.

४ मे, रविवार

कागद लागला. साडेअकरा मीटर, जिन्याच्या बाजूने सुरू होऊन बैठकीच्या खिडकीपर्यंत. तारीख ४ मे आणि वारही रविवारच, त्या वर्षीसारखा.

नॅन काठी टेकत टेकत शेवटपर्यंत गेल्या. मग मागे आल्या आणि १९४४ पाशी थांबल्या. २४ फेब्रुवारीच्या बर्केनहेडवर बोट ठेवलं, रेघेवरून नेत नेत माझगावपर्यंत आणलं. ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. आजोबांची नोंद वाचली.

म्हणाल्या, "त्यांच्या काचा परत कधी बसल्या?"

मला माहीत नव्हतं. सगळ्यांसमोरच आत्याला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. ती म्हणाली, "थांब, आठवू दे. गोणपाट लावलं होतं. आई म्हणायची, पाऊस आत आला म्हणून भांडी मांडली होती. पाऊस संपल्यावरच. दसऱ्याच्या आधी, कारण दसऱ्याला आईने काचा पुसल्या होत्या."

लेकीने पेन काढलं. खालच्या ओळीत, १९४१ च्या सप्टेंबरात 'किर्कडेल : काचा बसल्या' होतंच. १९४४ मध्ये तिने तेवढ्याच अक्षरात लिहिलं, 'माझगाव : काचा बसल्या, दसऱ्याआधी.'